कर्नल अपडेट दर वेळी अडकतं: भरलेलं /बूट, अर्धवट इनिटआरडी आणि गायब होणारा वायफाय

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्या फाइल /बूट या फोल्डरमध्ये असतात. त्याचं अपडेट बिघडलं की लक्षणं साधारण तीन तऱ्हांची असतात. पहिली: उबुंटू किंवा डेबियनवर अपडेट लावलं की मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं, त्याखाली ‘अपडेट-इनिटरॅमएफएस: फेल्ड फॉर /बूट/इनिटआरडी’ अशी ओळ दिसते, आणि मग कुठलंही पॅकेज टाकायला गेलं तरी ॲप्ट (पॅकेज बसवणारी कमांड) त्याच एररवर येऊन थांबतं. जागा करून दिली तर चालतं, पण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दुसरी: अपडेट नीट बसतं, पण रीस्टार्टनंतर वायफाय दिसत नाही किंवा ग्राफिक्स कार्ड ओळखलं जात नाही. तिसरी सगळ्यात घाबरवणारी: काळ्या स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’.

नवं कर्नल जुन्याच्या शेजारी ठेवायचं की जुन्यावरच बसवायचं, किती जुनी कर्नल राखायची, ती कधी काढायची, याचा हिशेब प्रत्येक डिस्ट्रो (उबुंटू, डेबियन, फेडोरा असा लिनक्सचा एकेक अवतार) आपापल्या पद्धतीने ठेवते. वरच्या तिन्ही तक्रारींत तुमच्या मशीनवर तो हिशेब कुठेतरी चुकलेला असतो. नुसती जागा रिकामी केली की चूक तशीच राहते, म्हणून दुखणं परत येतं.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि गरज असेल तिथे आधी ‘सुडो’ लावून द्यायच्या.

पॅनिक आला असेल तर आधी मशीन सुरू करून घ्या

पॅनिक दिसला म्हणून डिस्क गेली असं समजू नका, आणि नव्याने इन्स्टॉल करायला तर अजिबात बसू नका. तुमच्या फाइल जागेवर आहेत. अननोन-ब्लॉक(०,०) याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की कर्नल मेमरीत चढलं, पण त्याच्यासोबत इनिटआरडी (सुरुवातीपुरती लागणारी छोटी फाइलसिस्टीम) आली नाही. डिस्कचा कंट्रोलर, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे विभागायची सोय), एन्क्रिप्शन हे सगळं उघडायची साधनं त्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये असतात. ती नसली की कर्नलला रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टीम, कुठे आहे तेच कळत नाही.

मशीन पुन्हा चालू करा. जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय असेल तर कंपनीचा लोगो गेल्याबरोबर एस्केप एकदाच दाबा (जास्त वेळा दाबलं तर ग्रबच्या, म्हणजे कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कमांड लाइनवर जाऊन पडाल). ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नल दिसेल. डिस्ट्रो जुनं कर्नल राखून ठेवते ते याच प्रसंगासाठी. ते निवडा, लॉगिन करा आणि पाहा:

यूनेम -आर
एलएस -एलएच /बूट

दुसऱ्या कमांडचं उत्तर नीट वाचा. प्रत्येक कर्नलची एक व्हीएमलिनझ फाइल असते, उबुंटूवर साधारण १४-१५ मेगाबाइटची. त्याच नंबरची इनिटआरडी फाइल तिच्या जोडीला असायला हवी, ७०-८० मेगाबाइटपासून पुढे. एनव्हिडियाचे ड्रायव्हर आत गेले की ती सहज १०० च्या वर जाते. नव्या नंबरची व्हीएमलिनझ आहे, पण इनिटआरडी नाही, किंवा आहे ती बाकीच्यांपेक्षा फारच लहान आहे, तर कारण सापडलं. फाइल बनता बनता /बूट भरलं, किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ऐन त्या वेळी लाईट गेली.

लाईट गेल्याचं प्रकरण असेल आणि जागा शिल्लक असेल, तर दोनच गोष्टी करायच्या. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलचा पूर्ण नंबर, उदाहरणार्थ ६.८.०-४५-जेनेरिक. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’. ही दुसरी पायरी टाळू नका. ग्रबची यादी बनली तेव्हा इनिटआरडी नव्हती, त्यामुळे त्या नोंदीत इनिटआरडीची ओळच लिहिली गेलेली नाही. फाइल आता बनली तरी ग्रबला ती आहे हे माहीत नसतं. शेवटी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ देऊन अर्धवट राहिलेलं काम पुरं करून घ्या.

/बूट भरलं असेल तर

आधी ‘डीएफ -एच /बूट’. उत्तरात /बूट असं वेगळं पार्टिशन न दिसता नुसतं रूट दिसलं, तर तुमचं /बूट वेगळं नाहीच. मग रूटच भरलेलं आहे, ते दुखणं वेगळं. वेगळं /बूट बहुधा इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम निवडल्यामुळे आलेलं असतं. डेबियनवर ते ४८८ मेगाबाइटच्या आसपास, उबुंटूच्या काही वर्षांपूर्वीच्या इन्स्टॉलरने केलेलं असेल तर ७०५ च्या आसपास दिसतं.

४८८ चा हिशेब मांडून पाहा. एका कर्नलचे सगळे मिळून १०० ते १३० मेगाबाइट धरा. तीन कर्नल म्हणजे ३०० ते ३९०. शिवाय इनिटआरडी पुन्हा बनते तेव्हा जुनी पुसून नवी लिहिली जात नाही. आधी शेजारी ‘.न्यू’ नावाने पूर्ण फाइल तयार होते आणि मग ती जुनीची जागा घेते. म्हणजे तेवढ्या वेळापुरती आणखी एका इनिटआरडीची जागा लागते. डीएफ ८० मेगाबाइट मोकळे दाखवत असतानाही ‘नो स्पेस’ येतं ते यामुळे.

आता जागा करायची. यूनेमने दाखवलेला, म्हणजे चालू असलेला नंबर कागदावर लिहून घ्या, त्याला हात लावायचा नाही. मग ‘डीपीकेजी -एल’ पुढे लिनक्स-इमेजचा नमुना देऊन यादी काढा. डावीकडची दोन अक्षरं महत्त्वाची आहेत. ‘आयआय’ म्हणजे नीट बसलेलं, ‘आरसी’ म्हणजे काढलेलं पण सेटिंगच्या फाइल उरलेलं (हे जागा खात नाही, सोडून द्या), आणि ‘आय’नंतर कॅपिटल ‘एफ’ किंवा ‘यू’ म्हणजे मध्येच अडकलेलं.

पहिला प्रयत्न नेहमी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ हाच. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं. पण अर्धवट पॅकेज आडवं आलं की ॲप्ट म्हणतं आधी ते पूर्ण करा, ते पूर्ण करायला जागा हवी, आणि जागा करायला ॲप्ट हवं. हा फास असा सोडवायचा: सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल (चालू असलेल्याची नाही आणि सगळ्यात नव्याचीही नाही) ‘एमव्ही’ने /रूट या फोल्डरमध्ये हलवा. पुसू नका, हलवा. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. आता इनिटआरडी बनेल आणि अडकलेलं पॅकेज बसेल. त्यानंतर ते जुनं कर्नल रीतसर काढा आणि सगळं ठीक झालं की हलवलेली फाइल पुसा.

रीतसर काढणं म्हणजे काय, इथेच उबुंटूवर बरेच जण फसतात. फक्त लिनक्स-इमेज काढायला सांगितलं, तर ॲप्ट ते काढतं आणि त्याच नंबरचं लिनक्स-इमेज-अनसाइन्ड बसवायला घेतं. कारण लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा या पॅकेजला दोघांपैकी एक इमेज लागतेच. जागा आहे तिथेच राहते आणि वर सही नसलेलं कर्नल गळ्यात पडतं. म्हणून एकाच ‘ॲप्ट पर्ज’ कमांडमध्ये त्या नंबरची चारही पॅकेजं द्या: लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स, लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा आणि लिनक्स-हेडर्स. ‘होय’ म्हणण्याआधी नव्याने बसणाऱ्या पॅकेजांची यादी रिकामी आहे ना, ते पाहा.

इंटरनेटवर सर्रास सापडणारा सल्ला म्हणजे /बूटमध्ये जाऊन जुन्या फाइल ‘आरएम’ करून टाका. हे करू नका. ॲप्टच्या लेखी ते कर्नल अजून बसलेलंच असतं, त्याची काहीशे मेगाबाइटची मॉड्यूलं (ड्रायव्हर वगैरे सुटे भाग) /लिब/मॉड्यूल्समध्ये तशीच राहतात, आणि पुढे एखाद्या ड्रायव्हरच्या अपडेटने सगळ्या कर्नलांची इनिटआरडी बनवायला घेतली की ती फाइल पुन्हा हजर होते.

पण पुन्हा पुन्हा का भरतं

डेबियन आणि उबुंटूत कर्नलच्या पॅकेजच्या नावातच नंबर असतो. लिनक्स-इमेज-६.८.०-४४ आणि ६.८.०-४५ ही ॲप्टच्या दृष्टीने दोन निरनिराळी पॅकेजं आहेत, एकाची नवी आवृत्ती दुसरी नव्हे. म्हणून नवं जुन्यावर बसत नाही, शेजारी बसतं. नव्याकडे बोट दाखवायचं काम लिनक्स-जेनेरिक (डेबियनवर लिनक्स-इमेज-एएमडी६४) हे मेटापॅकेज करतं. त्याने बोट पुढे सरकवलं की जुनं कर्नल अनाथ होतं आणि ऑटोरिमूव्हच्या यादीत जातं. चालू असलेलं आणि सगळ्यात नवी एक-दोन एवढी मात्र ॲप्ट हात न लावता राखतं.

ही साखळी तुटायची ठिकाणं मोजकीच आहेत.

सगळ्यात जास्त आढळणारं: कर्नल ‘मॅन्युअल’ म्हणून नोंदलं गेलेलं असतं. कधीतरी तुम्ही नंबर देऊन ते हाताने बसवलेलं असतं, किंवा एखाद्या ग्राफिकल साधनाने तसं केलेलं असतं. मॅन्युअल नोंद असलेल्या पॅकेजला ऑटोरिमूव्ह कधीच हात लावत नाही. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ची यादी काढून तिच्यात ‘लिनक्स-’ने सुरू होणारी नावं शोधा. नंबर असलेली लिनक्स-इमेज, हेडर्स, मॉड्यूल्स दिसली तर ‘ॲप्ट-मार्क ऑटो’ पुढे ती नावं द्या. नंबर नसलेली मेटापॅकेजं मात्र मॅन्युअलच राहू द्या. ती ऑटो केली तर एखाद्या दिवशी ऑटोरिमूव्ह त्यांनाच काढून टाकेल आणि मग कर्नलची सुरक्षा अपडेट येणंच बंद होईल, तेही एकही एरर न दाखवता.

दुसरं ठिकाण: दोन मेटापॅकेजं एकाच वेळी. उबुंटू २४.०४ मध्ये लिनक्स-जेनेरिक शेवटपर्यंत ६.८ वर राहतं, तर लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ पुढे सरकत ६.११, ६.१४ असं जातं. डेस्कटॉपवर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीची कर्नलची रांग) आपोआप असतं, सर्व्हरवर नसतं. यादीत ६.८ च्या घरातलीही ताजी कर्नल आणि त्यापुढचीही ताजी कर्नल दिसली, तर दोन्ही रांगा चालू आहेत आणि /बूट दुप्पट वेगाने भरतंय. हार्डवेअर जुनं आणि सगळं ठीक चालत असेल तर ६.८ ठेवा. नव्या लॅपटॉपला नव्या कर्नलची गरज असेल तर एचडब्ल्यूई ठेवा. दुसरं मेटापॅकेज काढा आणि मग ऑटोरिमूव्ह द्या.

तिसरं: आपोआप साफसफाई बंद असणं. अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप लावणारं पॅकेज) चालू असेल तर ते अनाथ कर्नल काढतं. ते बंद करून ‘ॲप्ट अपग्रेड’ हाताने देणारे लोक ऑटोरिमूव्ह विसरतात. याची उलट बाजूही आहे: ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ नवी पॅकेजं बसवत नाही, त्यामुळे कर्नल ‘केप्ट बॅक’मध्ये पडून राहतं. ‘ॲप्ट अपग्रेड’ हे बसवतं. जुन्या स्क्रिप्टमध्ये ॲप्ट-गेट असेल तर ‘--विथ-न्यू-पीकेजीएस’ जोडा.

हे सगळं नीट असूनही ४८८ मेगाबाइट कमीच पडतात अशी मशीनं आहेत. तिथे /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ या फाइलमध्ये ‘कॉम्प्रेस’ची किंमत ‘एक्सझेड’ करा. फाइल बनायला जास्त वेळ लागतो, पण ती लहान होते. तरीही पुरलं नाही तर ‘मॉड्यूल्स’ ‘मोस्ट’वरून ‘डेप’वर आणता येतं. मग फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर आत जातात आणि आकार बराच उतरतो. पण ती डिस्क उद्या दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही, म्हणून हा उपाय शेवटचा. बदलानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’.

फेडोरा, ओपनसूझे, आर्च

फेडोरा आणि रेड हॅटच्या घरात हे बरंच सोपं आहे. /ईटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फमधल्या ‘इन्स्टॉलओन्ली_लिमिट’ची मूळ किंमत ३ असते, चौथं आलं की सगळ्यात जुनं जातं. /बूट लहान असेल तर ते २ करा आणि ‘डीएनएफ रिमूव्ह --ओल्डइन्स्टॉलओन्ली’ द्या. मेनूतल्या रेस्क्यू नोंदीवर मात्र फार विसंबू नका, ती इन्स्टॉलच्या वेळची असते आणि अपडेटबरोबर ताजी होत नाही.

ओपनसूझेत झिप.कॉन्फमध्ये ‘लेटेस्ट, लेटेस्ट-१, रनिंग’ असा नियम असतो, पण साफसफाई रीस्टार्टच्या वेळी होते. महिनोन्महिने चालू राहणाऱ्या मशीनवर कर्नल साचत जातात. ‘झिपर पर्ज-कर्नल्स’ हाताने द्या.

आर्चची रीत मुळातच निराळी. पॅकेजचं नाव नुसतं ‘लिनक्स’, त्यामुळे नवं थेट जुन्यावर बसतं आणि चालू कर्नलची मॉड्यूलं त्याच क्षणी डिस्कवरून जातात. अपडेटनंतर पेन ड्राइव्ह उघडत नाही, व्हीपीएन जोडत नाही, डॉकरचं नेटवर्क उठत नाही अशा तक्रारी येतात त्या यामुळे: आधी न चढवलेलं मॉड्यूल आता शोधायला गेलं तर जागेवर नाही. उपाय रीस्टार्ट, दुसरा नाही. रीस्टार्टनंतरही कीबोर्ड आणि नेटवर्क मेलेलं असेल, तर अपडेटच्या वेळी /बूट माउंट नव्हतं. ईएफआय पार्टिशनवर जुनं कर्नल राहिलं आणि मॉड्यूलं नव्या कर्नलची आली. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, रूट आणि /बूट दोन्ही माउंट करा, आर्च-क्रूटने आत जा आणि ‘पॅकमॅन -एस लिनक्स’ने पॅकेज पुन्हा बसवा. आर्च वापरताना ‘लिनक्स-एलटीएस’ (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारं कर्नल) शेजारी बसवून ठेवा, कारण इथे मागे जायला दुसरं कर्नल आपोआप मिळत नाही.

अपडेटनंतर वायफाय किंवा ग्राफिक्स गेलं

कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर कर्नलबरोबरच बदलतात, त्यांचा प्रश्न क्वचित येतो. त्रास देतात ते बाहेरचे: एनव्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स, ब्रॉडकॉमचं डब्ल्यूएल, रियलटेकच्या यूएसबी डोंगलांचे गिटहबवरून घेतलेले ड्रायव्हर. हे प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात. डोंगलचा ड्रायव्हर नुसता ‘मेक इन्स्टॉल’ने बसवला असेल तर तो दर अपडेटला जाणारच. त्याच ड्रायव्हरची डीकेएमएस (नवं कर्नल आलं की ड्रायव्हर आपोआप बांधणारी व्यवस्था) वापरणारी आवृत्ती मिळाली तर ती घ्या.

डीकेएमएस असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. नव्या नंबरपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर पहिला संशय हेडर्सवर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल). लिनक्स-हेडर्स-जेनेरिक (डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४) हे मेटापॅकेज बसवा, म्हणजे पुढच्या प्रत्येक कर्नलचे हेडर्स आपोआप येतील. नुसते आजच्या नंबरचे हेडर्स बसवले तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच याल.

हेडर्स असूनही बांधणी फसली तर /व्हार/लिब/डीकेएमएसखाली त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरमधली मेक.लॉग ही फाइल उघडा आणि पहिला एरर वाचा, शेवटचा नव्हे. उबुंटू २२.०४ वर एचडब्ल्यूई कर्नल ६.५ आलं तेव्हा या फाइलमध्ये ‘एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो’ हा पर्याय ओळखता येत नाही असा एरर यायचा. कर्नल जीसीसी (कंपायलर) १२ ने बांधलेलं, मशीनवर मात्र जीसीसी ११, आणि तो पर्याय ११ ला माहीतच नाही. जीसीसी-१२ बसवलं की ड्रायव्हर बांधला जायचा. पहिला एरर न वाचता एनव्हिडियाचं पॅकेज दहा वेळा काढून-घालून हे सुटत नाही.

मॉड्यूल बांधलं गेलं, पण ‘मॉडप्रोब’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं, तर ते सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) आहे. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ने खात्री करा. उबुंटूवर /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर ही की ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ने द्या, तात्पुरता पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा. निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड टाका. ती स्क्रीन थोडा वेळच थांबते, हुकली तर इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं.

फेडोरावर हेच काम एकेमॉड्स करतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. अपडेट संपल्याबरोबर रीस्टार्ट केलं तर मॉड्यूल अर्धवट राहतं. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ने आकडा दाखवला की मग रीस्टार्ट करा.

कर्नल गोठवून ठेवावं का

नवं कर्नल त्रास देतं म्हणून ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ लावता येतं, दोन-तीन आठवड्यांसाठी ते ठीकही आहे. तारीख लिहून ठेवा आणि अनहोल्ड करा. कायमचं गोठवलेलं कर्नल म्हणजे माहीत असलेली भोकं उघडी ठेवणं.

उलट दिशेनेही गैरसमज होतो: ‘माझं कर्नल ५.१४ आहे, म्हणजे जुनं आणि असुरक्षित’. आरएचईएल ९ (रेड हॅटची व्यावसायिक डिस्ट्रो) चं कर्नल ५.१४ म्हणूनच दिसतं, पण दुरुस्त्या मागे आणून त्यात घातल्या जातात. २०२२ च्या डर्टी पाइप या भोकाची दुरुस्ती मूळ मालिकेत ५.१०.१०२ मध्ये आली, डेबियन ११ ने मात्र ती ५.१०.९२-२ मध्येच घालून दिली. नुसता आकडा ताडून पाहणाऱ्याला ते कर्नल असुरक्षित वाटेल. डेबियनवर खरी आवृत्ती यूनेम -आर मध्ये नसते, ती ‘यूनेम -व्ही’ मध्ये असते. उबुंटूवर /प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर वाचा, तिथे उबुंटूचा आणि मूळ कर्नलचा असे दोन्ही आकडे असतात.

दूरच्या सर्व्हरवर नवं कर्नल तपासताना

समोर कीबोर्ड नसेल तर एकदाच बूट करून पाहायची सोय लावा. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ करा आणि कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ जोडा. मग अपडेट-ग्रब. ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने खात्रीचं जुनं कर्नल ठरवा, ‘ग्रब-रीबूट’ने फक्त पुढच्या वेळेसाठी नवं, आणि रीस्टार्ट द्या. नवं पॅनिक झालं तर दहा सेकंदांनी मशीन स्वतःच उठेल आणि जुन्यावर येईल. /बूट एलव्हीएम किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमवर असेल तर मात्र हे करू नका. ग्रबला तिथे लिहिता येत नाही, ‘फक्त पुढच्या वेळी’ची खूण पुसली जात नाही आणि मशीन त्याच बिघडलेल्या कर्नलवर फिरत राहतं. अशा ठिकाणी होस्टिंगवाल्याचा कन्सोल चालू आहे याची खात्री आधी करा, रीस्टार्ट नंतर.